झीटाचे न्यूट्रॉन

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले की, येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याचा मार्ग सापडेल. त्या काळी या क्षेत्रातील अनेकांची भिस्त ज्या उपायावर होती, त्यास ‘पिंच’ म्हणत.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. एकाच दिशेने वाहणारे विद्युत्प्रवाह परस्परांना आकर्षितात. तप्त, विद्युद्भारित वायूतून, म्हणजे प्लाझ्मातून, प्रबळ प्रवाह सोडला की त्याचेच चुंबकीय क्षेत्र त्या वायूला आवळते व भिंतीपासून दूर ठेवते. विजेच्या लोळाने चिरडलेली तांब्याची नळी अभ्यासून पोलॉक आणि बॅराक्लॉ यांनी १९०५ मध्ये सिडनी येथे हा परिणाम ओळखला होता. अडचण एवढीच की, आवळलेला स्तंभ स्थिर राहत नाही. सर्पाप्रमाणे वळवळून क्षणार्धात मोडतो.

इंग्लंडमधील हार्वेल येथे उभारलेल्या ‘झीटा’ यंत्रात कड्याच्या आकाराची, एक मीटर रुंद पोकळीची नळी होती. स्तंभ स्थिरावावा म्हणून नळीच्या लांबीच्या दिशेने वेगळे चुंबकीय क्षेत्र दिलेले होते. ऑगस्ट १९५७ मध्ये यंत्र सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ड्यूटेरियम वायूतून न्यूट्रॉन निघू लागले. संमीलन घडल्याचीच ती खूण वाटली. वास्तविक, असे न्यूट्रॉन फसवे असू शकतात, हा इशारा सोव्हिएत शास्त्रज्ञ कुर्चातोव्ह यांनी एप्रिल १९५६ मध्ये हार्वेल येथेच दिला होता. तरीही २५ जानेवारी १९५८ रोजी सुमारे ५० लाख अंश तापमानाची घोषणा झाली. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची आपली खात्री ९० टक्के आहे, असे सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना सांगितले. वृत्तपत्रांनी उरलेले १० टक्के विसरून जयघोष केला.

बेसिल रोझ यांनी मात्र न्यूट्रॉनांची केवळ मोजदाद न करता त्यांची ऊर्जाही दिशेनुसार मोजली. सारा वायू सारखा तापलेला असता, तर प्रवाहाची दिशा उलटवूनही ती ऊर्जा तीच राहिली असती. ती बदलली. याचा अर्थ, थोडेसे अणुकण विद्युत्क्षेत्राने एका दिशेने ढकलले जाऊन आदळत होते. वायू अपेक्षेइतका तापलाच नव्हता. मे १९५८ मध्ये हार्वेलने स्वतःच आपला दावा मागे घेतला.

नामुष्की मोठी होती. तथापि यंत्र मोडीत निघाले नाही. ते १९६८ पर्यंत चालले, आणि लेसरचा प्रकाश प्लाझ्मावर टाकून, त्याच्या विखुरण्यावरून तापमान मोजण्याची पद्धत त्यावर विकसित झाली. दुधाने तोंड पोळलेल्यांनी ताकही फुंकून पिण्याची रीत बसवली, असेच म्हणावयाचे. पुढे ‘तोकामाक’ या आपल्या यंत्रातील तापमानाचा सोव्हिएत दावा पाश्चात्त्यांना अविश्वसनीय वाटला, तेव्हा १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनीच आपली लेसर-सामग्री मॉस्कोला नेली आणि सुमारे एक कोटी अंश तापमान मोजून तो दावा खरा ठरवला. शीतयुद्धाच्या ऐन काळात प्रतिपक्षाला मिळालेली ही साक्ष निर्णायक ठरली. जगभरच्या प्रयोगशाळा तोकामाककडे वळल्या.

डॉ. भाभांची दोन दशके १९७५ मध्ये सरली. संमीलनाची वीज अद्याप कोणाच्याही घरी पोहोचलेली नाही. परंतु त्या दिशेने पुढे पडलेल्या या एका मोठ्या पावलाला जी मोजणी आधारभूत ठरली, ती झीटाच्या अपयशानंतरच्या चिकाटीतून आलेली होती, हे विसरता येणार नाही.