सैनिकांचे सक्तीचे लसीकरण

सैन्यात भरती झालेल्या अथवा मोहिमेवर धाडल्या जाणाऱ्या व्यक्तीला तिची वैयक्तिक इच्छा न विचारता, लष्करी हुकमाने ठरावीक रोगांच्या प्रतिबंधक लशी देण्याच्या व्यवस्थेला सैनिकांचे सक्तीचे लसीकरण म्हणतात. नागरी लसीकरणाचा हेतू व्यक्तीचे व समाजाचे आरोग्य राखणे हा असतो. लष्करी लसीकरणात त्याच्या जोडीने, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी, लढण्याजोग्या माणसांची संख्या टिकवणे हा हेतू येतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक मोठ्या युद्धांत शत्रूच्या शस्त्रांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावत, कारण दूरदूरच्या गावांतून आलेली तरुण माणसे एकाच छपराखाली दाटीने राहत, एकाच विहिरीचे पाणी पीत आणि थकलेल्या शरीराने अपरिचित हवामानाला तोंड देत. ज्या सैन्यांत ही सक्ती आहे तेथे लस नाकारणे हा वैद्यकीय निवडीचा विषय न राहता हुकूम मोडल्याचा अपराध ठरतो आणि त्याबद्दल दंड, पदावनती, लष्करी न्यायालयापुढील खटला किंवा सेवेतून बडतर्फी यांपैकी काहीही होऊ शकते.

अशा सक्तीचे सर्वांत प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण लशीच्या शोधापूर्वीचे आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७५-७६ च्या हिवाळ्यात क्वेबेकवर चालून गेलेल्या वसाहतींच्या फौजेची देवीच्या साथीने दाणादाण उडाली आणि पुढे जनरल जॉन टॉमस हाही देवीनेच मेला. ब्रिटिश सैनिकांपैकी अनेकांना लहानपणी देवी येऊन गेलेल्या असल्याने ते सुरक्षित होते. अमेरिकन शेतकऱ्यांची मुले तशी नव्हती. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याला स्वतःला १७५१ मध्ये बार्बाडोस बेटावर देवी आल्या होत्या, त्यामुळे हा रोग काय असतो हे त्याला ठाऊक होते. फेब्रुवारी १७७७ मध्ये मॉरिसटाउन येथील तळावरून त्याने संपूर्ण फौजेला देवी टोचून घेण्याचा हुकूम दिला. ही टोचणी म्हणजे रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीखाली मुद्दाम घालणे. त्याने खऱ्याच देवी येत, पण बहुधा सौम्य, आणि नैसर्गिक देवींच्या मानाने मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी राही. अडचण अशी होती की टोचलेला माणूस काही आठवडे कामातून जाई आणि त्या काळात इतरांनाही रोग देऊ शके. म्हणून सैनिकांच्या तुकड्या पाळीपाळीने वेगळ्या घरांत ठेवाव्या लागल्या आणि इतकी माणसे एकाच वेळी अंथरुणावर आहेत ही बातमी शत्रूला लागू नये म्हणून सगळा कारभार गुपचूप चालवावा लागला.

इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर याने १७९६ मध्ये गोस्तन देवीपासून, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीपासून, केलेला लशीचा प्रयोग यशस्वी झाल्यावर टोचणीतला हा धोका बराच टळला. प्रशियाने १८३४ पासून प्रत्येक रंगरुटाला, पूर्वी लस घेतलेली असली तरी, पुन्हा लस टोचण्याचा नियम केला. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच फौजेत देवीने हजारो बळी गेले आणि पुनर्लसीकरण झालेल्या जर्मन फौजेत काही शेच, ही तुलना पुढे लसीकरणाच्या समर्थकांनी वारंवार मांडली. त्यांतील फ्रेंच मृतांचा २३ हजारांवरचा आकडा तपासाअंती संशयास्पद ठरला असला तरी दोन्ही फौजांतील तफावत खरी होती आणि १८७४ मध्ये जर्मन साम्राज्याने नागरिकांसाठीही देवीच्या लशीची सक्ती करणारा कायदा केला.

सक्ती आणि पुरावा यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, लशीच्या इतिहासात. या लशीची एक वाट भारताशी जोडलेली आहे. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन याने १८९३ पासून भारतात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचण्यास प्रारंभ केला व जानेवारी १८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मृत जंतूंची लस माणसाला देता येते, हे त्याच्या कामामुळे ठसले. इंग्लंडमधील नेटली येथे लष्करी वैद्यकीय विद्यालयात विकृतिविज्ञानाचा प्राध्यापक असलेला ॲल्मरॉथ राइट हाफकिनच्या कामाशी परिचित होता. उष्णतेने मारलेल्या विषमज्वर जंतूंच्या लशीवरचे आपले पहिले निबंध त्याने १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केले. प्लेग आयोगाचा सदस्य म्हणून १८९८ मध्ये भारतात आल्यावर त्याने येथील छावण्यांतील काही हजार गोऱ्या सैनिकांना ती टोचली. टोचून घेणे त्यांच्या खुशीवर सोपवलेले होते.

त्यानंतर लगेच दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. तेथे गेलेल्या सुमारे सव्वातीन लाख ब्रिटिश सैनिकांपैकी जेमतेम १४ हजारांच्या आसपास लोकांनी लस घेतली. टोचल्यानंतर येणारा ताप, दंडाची सूज आणि दोन दिवसांची ग्लानी पाहून पुष्कळांनी पाठ फिरवली. युद्धात विषमज्वराचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले आणि ८ हजारांहून अधिक सैनिक त्याने मेले, त्यातही १९०० मधील ब्लूमफाँटेनची साथ भयंकर ठरली. एवढे होऊनही लशीचा गुण आकड्यांत सिद्ध करता आला नाही, कारण लस घेणारे आणि न घेणारे यांच्या नोंदी नीट ठेवलेल्या नव्हत्या. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन याने १९०४ मध्ये उपलब्ध आकडे तपासून दाखवून दिले की वेगवेगळ्या तुकड्यांतील निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि स्वेच्छेने लस घेणारा माणूस मुळातच अधिक सावध असण्याचा संभव आहे. राइट खवळला, तरी पिअर्सनचा आक्षेप रास्त होता आणि आजही लसविषयक संशोधनात तो पहिल्याच पानावर विचारला जातो. पुढे ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन याने लस सुधारली आणि भारतात जाणाऱ्या पलटणींच्या काटेकोर नोंदी ठेवून तिचा उपयोग दाखवून दिला.

अमेरिकेची वाट वेगळी होती. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात अमेरिकेच्याच भूमीवरील प्रशिक्षण छावण्यांत २० हजारांवर सैनिकांना विषमज्वर झाला व सुमारे १,६०० मेले; लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड याच्या चौकशी मंडळाने त्याचे खापर उघड्या संडासांवर, माश्यांवर आणि माणसांच्या परस्पर स्पर्शावर फोडले. फ्रेडरिक रसेल या लष्करी डॉक्टराने युरोपात जाऊन राइट व लीशमन यांची पद्धत पाहिली, १९०९ मध्ये ऐच्छिक लसीकरण सुरू केले आणि १९११ मध्ये ते सक्तीचे झाले. विषमज्वराची लस सर्व सैनिकांना बंधनकारक करणारे अमेरिकन सैन्य हे पहिले सैन्य होय. त्याच वर्षी टेक्सासमधील सॅन अँटोनियोजवळ जमलेल्या सुमारे १३ हजारांच्या तुकडीत विषमज्वराचे जवळजवळ नावच उरले नाही. अर्थात त्या छावणीत शौचकूप आणि पाण्याची व्यवस्थाही १८९८ पेक्षा कितीतरी चांगली होती, म्हणून सगळे श्रेय लशीच्या पदरात घालणे बरोबर नाही. ब्रिटनने मात्र पहिल्या महायुद्धातही ही लस नावापुरती ऐच्छिकच ठेवली. वरिष्ठांचा आग्रह आणि डॉक्टरांची भाषणे यांच्या दडपणाखाली बहुसंख्य सैनिकांनी ती घेतली, त्यामुळे ऐच्छिक आणि सक्तीचे यांतील सीमारेषा लष्करात किती पुसट असते हेही त्यातून दिसले.

दुसऱ्या महायुद्धात धनुर्वाताच्या लशीने अपूर्व यश मिळवले: लक्षावधी जखमींच्या अमेरिकन सैन्यात या रोगाचे अवघे १२ रुग्ण नोंदले गेले. याच काळात सक्तीची दुसरी बाजूही समोर आली. पीतज्वराची १७डी ही लस टिकाऊ राहावी म्हणून तिच्यात मानवी रक्तरस मिसळत असत आणि त्यातील काही रक्तरस यकृतशोथाच्या, म्हणजे हिपॅटायटिस बी या काविळीच्या, विषाणूने दूषित होता. १९४२ मध्ये सुमारे ५० हजार अमेरिकन सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. चाळीसहून अधिक वर्षांनी जुन्या सैनिकांचे रक्त तपासून संसर्ग झालेल्यांचा अंदाज ३ लाखांवर काढण्यात आला. एकच माल, एकाच वेळी, नकार देण्याची मुभा नसलेल्या लाखो लोकांना दिला की एका कारखान्यातील चूकही लाखोंनी गुणली जाते. रक्तरसाविना लस बनवण्याची पद्धत स्वीकारल्यावर ही साथ ओसरली.

केवळ सैनिकांसाठीच वापरली जाणारी लस म्हणून अडिनोव्हायरसच्या लशीचा उल्लेख आवश्यक आहे. हा विषाणू नागरी जीवनात साध्या सर्दीतापापलीकडे सहसा जात नाही, परंतु प्रशिक्षण केंद्रांत तो तापाची साथ पसरवतो व क्वचित न्यूमोनियाने जीवही घेतो. अमेरिकन सैन्यात १९७१ पासून रंगरुटांना चौथ्या आणि सातव्या प्रकारच्या विषाणूंविरुद्ध दोन गोळ्या गिळायला देत; गोळीवरचे आवरण पोटात न विरघळता आतड्यात विरघळे आणि तेथे जिवंत विषाणू रोग न करता प्रतिकारशक्ती निर्माण करी. एकमेव उत्पादकाने १९९० च्या दशकाच्या मध्यास ती बनवणे बंद केले, साठा १९९९ पर्यंत संपला आणि छावण्यांत ताप पुन्हा आला. नव्या उत्पादकाच्या गोळीला मान्यता मिळायला २०११ साल उजाडले.

देवी, विषमज्वर किंवा अडिनोव्हायरस हे रोग छावणीतच होते. शेजारच्या खाटेवरचा सोबती तापाने फणफणताना सैनिकाला दिसत होता. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सच्या बाबतीत तसे नव्हते. गुराढोरांचा हा रोग माणसाला सहसा कातडीवर होतो, परंतु त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचाच्या सुप्त अवस्थेतील जंतू, हवेतून फुप्फुसात गेल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. शत्रू त्यांचा अस्त्र म्हणून वापर करील असे सैनिकांना सांगण्यात आले आणि तो धोका त्यांनी वरिष्ठांच्या शब्दावर मानावा अशी अपेक्षा होती. अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांनी डिसेंबर १९९७ मध्ये साऱ्या सैन्याला, म्हणजे सुमारे २४ लाख लोकांना, ही लस देण्याची योजना जाहीर केली. १८ महिन्यांत सहा मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी एक, असा क्रम होता. १९७० मध्ये परवाना मिळालेल्या या लशीचा मुख्य पुरावा १९५० च्या दशकात बकरीचे केस हाताळणाऱ्या गिरणी कामगारांवर, तिच्या आधीच्या स्वरूपाच्या लशीने घेतलेल्या चाचणीतून आला होता, आणि त्या चाचणीत फुप्फुसाच्या काळपुळीचे रुग्ण इतके थोडे होते की त्यावरून ठाम निष्कर्ष निघत नव्हता.

शेकडो सैनिकांनी नकार दिला. कोणाला पदावनती, कोणाला कैद, तर कोणाला बडतर्फी मिळाली. आखाती युद्धानंतर १९९८ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, प्रायोगिक औषध सैनिकाला द्यायचे तर सर्व माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते आणि ही अट शिथिल करण्याचा अधिकार फक्त राष्ट्राध्यक्षाला असतो. परवान्यात श्वासावाटे होणाऱ्या रोगाचा स्पष्ट समावेश नसल्यामुळे त्या वापरापुरती ही लस प्रायोगिकच आहे, असा युक्तिवाद करत काही सैनिक न्यायालयात गेले. डिसेंबर २००३ मध्ये न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी सक्तीला स्थगिती दिली. सुमारे आठवड्याभरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, १९८५ पासून अर्धवट पडलेली कार्यवाही घाईने पुरी करून, लस श्वासावाटे होणाऱ्या रोगावरही मान्य असल्याचे जाहीर केले. जनतेची मते न मागवता केलेला हा निर्णय न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द ठरवला. मग ही लस ऐच्छिक झाली, तेव्हा सुमारे निम्म्या सैनिकांनी ती नाकारली, आणि हा आकडा सहा वर्षांच्या सक्तीबद्दल बरेच काही सांगतो. कार्यवाही नव्याने पूर्ण झाल्यावर २००७ मध्ये धोक्याच्या प्रदेशांत जाणाऱ्यांपुरती सक्ती परत आली. ब्रिटनने हीच लस आपल्या सैनिकांना ऐच्छिक तत्त्वावर दिली. मधल्या काळात, सप्टेंबर-ऑक्टोबर २००१ मध्ये, काळपुळीचे बीजाणू पत्रांतून पाठवले गेले व पाच नागरिक मेले; मात्र तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा की ते पाठवणारा अमेरिकन सैन्याच्याच फोर्ट डेट्रिक येथील, याच रोगाच्या लशीवर काम करणारा शास्त्रज्ञ होता. खटला उभा राहण्यापूर्वी त्याने आत्महत्या केली.

कोविड-१९ च्या लशीची सक्ती अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये झाली, ती नाकारणाऱ्या सुमारे ८ हजार सैनिकांना सेवा सोडावी लागली, डिसेंबर २०२२ च्या कायद्याने संसदेने ती मागे घ्यायला लावली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बडतर्फ झालेल्यांना परत येण्याची वाट खुली करण्यात आली. भारतात नागरिकांसाठी ही लस ऐच्छिक होती. परंतु हवाई दलातील एका कर्मचाऱ्याने नोटिशीविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली असता, २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशी बाजू मांडली की हवाई दलात लस घेणे ही सेवेची अट आहे. हवाई दलात देशभरात नऊ जणांनी ती नाकारली असून नोटिशीला उत्तर न देणाऱ्या एकाला काढून टाकण्यात आले आहे, असेही सरकारने तेव्हा सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो किंवा दक्षिण सुदानला जाणाऱ्या भारतीय सैनिकांना पीतज्वराची लस घ्यावीच लागते, मात्र तेथे हुकमाच्या जोडीला आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमही असतो: प्रमाणपत्राविना त्या देशांत प्रवेश मिळत नाही आणि परतताना भारतातही विलगीकरणात राहावे लागते.