वायुवीजन, घरगुती (सातारा व सांगली जिल्हे)

घरातील धुरकट, कोंदट वा दमट हवा बाहेर घालवून ताजी हवा आत घेण्याची व्यवस्था. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण-आटपाडीकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे म्हणायचे. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत घराने हवा कशी घ्यावी याचे उत्तर पश्चिमेला एक आणि पूर्वेला दुसरे आहे. दोन्हीकडे पूर्वापार यंत्र नव्हते. झाकणे-उघडणे करणारे माणूस मात्र लागे.

माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या भागांतील जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर कड्या, त्यांवर काटक्या व पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन आणि चोर या दोघांच्याही धास्तीने भिंतींना खिडक्या थोड्या आणि लहान. चुलीच्या वर माळवदाला भोक ठेवीत; त्याला सवणे किंवा साणे म्हणतात. चुलीने तापलेली हवा हलकी होऊन सवण्यातून वर जाते आणि तिची जागा दारातून येणारी हवा घेते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तोवरच हा ओढा चालतो. वैशाखातल्या दुपारी बाहेरची हवाच अधिक तापलेली असते. तेव्हा उघडे सवणे उन्हाला आत बोलावते. म्हणून चूल विझली की ते झाकायचे, दारेही लोटून घ्यायची आणि दिवस मावळल्यावर सगळे सताड उघडायचे. जाड मातीला तापायला दिवस लागतो आणि निवायला रात्र, हे त्यामागचे गणित. उन्हाळ्यात माणसे माळवदावर निजत तीही त्यामुळेच.

सवण्याची निगा फार नसते, पण चुकवून चालत नाही. काठ मातीने उंच करून घ्यावा लागतो, नाहीतर माळवदावरचे पाणी थेट चुलीत. वळवाचे ढग दिसले की कोणीतरी वर चढून फरशी वा पत्रा सरकवायचा. सवण्यावर काच पक्की बसवली तर उजेड मिळतो, पण धूर कोंडतो. ही सुधारणा चूल पेटत्या घरात करण्यासारखी नाही.

सवण्याचा मोठा दोष असा, की धूर छताकडे जाण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडावरून जातो. जुन्या घरांची वर्णने करताना हे सहसा सोडून दिले जाते. धूर चुलीपासूनच नळीने बाहेर काढणाऱ्या सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ पासून सुरू झाला. पुढे आनंद कर्वे यांनी स्थापलेल्या ‘आरती’ (अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने फलटण परिसरात चुलींवर बरेच काम केले. धुराड्यात काजळी साचू दिली तर धूर उलटा घरात फिरतो. नळी वरचेवर झाडणे हीच तिची मुख्य देखभाल. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस अधिक घरांत पोचला आणि नियम उलटा झाला. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साचतो. तिथे सवणे वा वरचा झरोका उपयोगाचा नाही. खालच्या अंगाला वाट हवी.

पश्चिमेकडे, जावळी-पाटण-महाबळेश्वर पट्ट्यात, कौलांच्या फटींतूनच धूर निघून जातो. तिथला प्रश्न ओलीचा. पावसाळ्यात बाहेरची हवाही बाष्पाने भरलेली असल्याने खिडकी उघडून कपडे वाळत नाहीत. खोली किंचित तापवावी लागते. त्यासाठी कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे.

स्लॅबच्या घरांत खिडक्यांना महत्त्व आले. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश मोकळी जागा खिडक्या-झरोक्यांना हवी. पण संहिता खिडकी उघडायला लावू शकत नाही. सांगली-मिरजेत वातानुकूलित खोलीची दारे रात्रभर बंद राहतात. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. सकाळी डोके जड वाटण्यामागे हे एक कारण असू शकते.

उष्णता राखणारे वायुवीजन यंत्र थंड देशांत अशाच बंद घरांसाठी वापरतात. जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या ‘पॅसिव्ह हाउस’पासून ते अशा घरांचे अविभाज्य अंग झाले. त्यात दोन पंखे असतात: एक जुनी हवा बाहेर ढकलतो, दुसरा नवी आत आणतो. दोन्ही प्रवाह यंत्राच्या गाभ्यातल्या पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा मिसळत नाही, उष्णता मात्र हस्तांतरित होते. घर जवळपास हवाबंद असेल तरच हे परवडते. साताऱ्यातल्या थंडीत आतल्या-बाहेरच्या तापमानात फरकच थोडा, आणि दाराखालच्या फटीतून हवा तशीही येते. त्यामुळे इथे हिवाळ्यासाठी हे यंत्र घेणे म्हणजे पैशाचा चुराडा. सांगलीच्या एसी खोलीत त्याला थोडा अर्थ आहे, पण बाष्पही अडवणाऱ्या, पडद्याच्या गाभ्याच्या प्रकाराला. तो बाहेरची ऊब आणि ओल यांतील बराच भाग दारातच परतवतो.

असे यंत्र बसवल्यास गाळण्या दर एक-दोन महिन्यांनी पाहाव्यात. गळीत हंगामात साखर कारखान्यांजवळ बगॅसची काजळी उडते आणि शेतात पाचट जळते. त्या महिन्यांत पंधरवड्याला पाहावे. गाळणी तुंबली की आत येणारी हवा घटते, बाहेर जाणारी तेवढीच राहते आणि घर फटींतून धूळ ओढू लागते. धातूच्या पत्र्यांचा गाभा वर्षातून एकदा धुता येतो. पडद्याचा गाभा मात्र निर्मात्याने सांगितल्याखेरीज पाण्यात घालू नये, ब्रश वा व्हॅक्यूमने झाडावा. निचऱ्याची नळी आणि बाहेरची जाळी पावसाळ्याआधी मोकळी करावी. जाळीत गांधीलमाश्या घर करतात.