झडपेचा संसर्ग आणि मेंदूतला फुगा : आधी मेंदू की आधी हृदय?

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला की तिच्यावर जंतू आणि रक्ताच्या गुठळीचा लगदा साठतो. याला एंडोकार्डायटिस म्हणतात. लगद्याचा कण सुटून मेंदूत गेला तर धमनी बंद पडून लकवा होऊ शकतो. कधी जंतू धमनीची भिंतच पोखरतात आणि ती जागा फुगते. हा ‘मायकॉटिक अ‍ॅन्युरिझम’. १८८५ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी दिलेलं हे नाव फसवं आहे. त्यातून बुरशीचा अर्थ निघतो, पण कारण बहुतेक वेळा बॅक्टेरियाच असतात.

नेहमीचा अ‍ॅन्युरिझम मेंदूच्या तळाशी, मोठ्या धमन्यांना फाटे फुटतात तिथे असतो. हा मात्र टोकाकडच्या बारीक फांद्यांवर येतो. भिंत कुजल्यासारखी असते, त्यामुळे क्लिप बसवणंही अवघड.

फुगा फुटलेला नसेल तर साधारण ४ ते ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देतात आणि मधूनमधून अँजिओग्राफी करतात. बरेच फुगे विरतात, काही मात्र औषध चालू असतानाच वाढतात. वाढणारा किंवा फुटलेला फुगा जांघेतून नळी घालून, कॉइल किंवा वैद्यकीय गोंदाने बंद करतात. मेंदूत मोठी गुठळी झाली असेल तर ऑपरेशन.

खरा पेच पुढे आहे. झडप बदलायची तर हार्ट-लंग मशीन लागतं, आणि त्यासाठी रक्त पातळ करणारं हेपॅरिन. मेंदूत नुकताच रक्तस्राव झालेल्या पेशंटला ते धोक्याचं. म्हणून हृदय तग धरत असेल तर झडपेचं ऑपरेशन सुमारे ४ आठवडे पुढे ढकलतात. हृदय निकामी होत चाललं असेल तर थांबता येत नाही. तेव्हा शक्यतो आधी फुगा बंद करून मग छाती उघडतात. हा निर्णय एकट्या डॉक्टरचा नव्हे, हृदय, मेंदू आणि संसर्ग तिन्हीकडच्या तज्ज्ञांनी मिळून घ्यायचा.

घरच्यांच्या हातात काय? संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले पेशंट आपल्याकडे भरपूर. अशांना किंवा कृत्रिम झडप असलेल्यांना ताप रेंगाळला तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. ब्लड कल्चरआधी ते घेतलं तर जंतू सापडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंदही करू नका. आणि अचानक लकवा किंवा जबर डोकेदुखी झाली तर कॅज्युअल्टीत पहिल्यांदा झडप आणि ताप, दोन्ही सांगा. लकव्यात गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन देतात, ते या पेशंटला देत नाहीत.