बार्शी लाईट : एका अरुंद लोहमार्गाचा इतिहास आणि त्याच्या जतनाचा प्रश्न

जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यात असलेल्या टेंभुर्णीच्या शिवारातून आजवर आगगाडी धावलेली नाही. या भागाला रेल्वे भेटली ती जालना शहरात, आणि तीही विसाव्या शतकाच्या तोंडावर, निजामाच्या राज्याने मनमाडपासून हैदराबादपर्यंत गोदावरी खोऱ्यातून मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला, मार्ग टाकला तेव्हा. मीटरगेजचे ते रूळ १९९० च्या दशकात निघाले आणि त्यांच्या जागी ब्रॉडगेज आले. वाफेच्या त्या काळाचे काय जपले गेले, हा प्रश्न मराठवाड्यात फारसा कोणी विचारला नाही. तो विचारायचाच झाला, तर त्यासाठी योग्य उदाहरण जालन्याच्या मार्गाचे नसून दक्षिणेकडील बार्शी लाईट रेल्वेचे आहे. तिचे मुख्य जंक्शन असलेले कुर्डुवाडी हे माढा तालुक्यातील दुसऱ्या, अधिक परिचित टेंभुर्णीच्या शेजारी आहे, हा केवळ योगायोग.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा मुंबई–सोलापूर मार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला होता. बार्शी ही कापसाची मोठी पेठ असूनही तिचा माल बैलगाडीने सुमारे २१ मैल दूर असलेल्या ‘बार्शी रोड’ स्थानकावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, न्यावा लागे. एवढ्या अंतरासाठी ब्रॉडगेज टाकणे परवडणारे नव्हते, आणि ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ओळखली. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात शिकलेला आणि १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत भारतात आलेला हा माणूस स्वस्त रेल्वे म्हणजे कच्ची रेल्वे, हे समीकरण मानायला तयार नव्हता. रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, ठेवले तरी गाड्या भक्कम आणि मोठ्या करता येतील, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच्या विचाराचे मर्म ‘आसभार’ या कल्पनेत आहे. आसभार म्हणजे चाकांच्या एका जोडीने रुळावर टाकलेले वजन. कॅलथ्रॉपने इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक वाहनासाठी ही मर्यादा पाच टन ठरवली. सगळ्यांचा आसभार सारखा असल्यामुळे केवळ जड इंजिनासाठी रूळ जाड करण्याची गरज उरली नाही, आणि हलक्या रुळांवरही पुरेसा माल वाहता येऊ लागला. यासाठी इंजिनाला अधिक चाके द्यावी लागली. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना परस्परांशी जोडलेली आठ चालक चाके होती आणि मागे भार पेलणारी आणखी चार. मालडबे दाबीव पोलादाचे आणि बोगीवर, म्हणजे डब्याखाली स्वतंत्रपणे वळणाऱ्या चारचाकी गाड्यावर, बसवलेले होते. ही सामग्री भारतात पाठवण्याआधी १८९४ मध्ये लीड्सजवळच्या न्यूले येथे छोटा मार्ग टाकून तिची चाचणी घेण्यात आली. कंपनीची नोंदणी १८९५ मध्ये लंडनला झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर वाहतूक सुरू झाली.

पुढचा विस्तार सावकाश झाला. एका अंगाला मार्ग पंढरपूरला पोहोचला, दुसऱ्या अंगाला निजामाच्या हद्दीत शिरून १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरपासून पुढे मिरजेपर्यंत. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली. कॅलथ्रॉपही त्याच वर्षी वारला. इंग्रजी मुलूख, निजामी राज्य आणि मिरज संस्थान या तीन सत्तांच्या भूमीतून ही एक चिमुकली गाडी धावत होती. कापसासाठी निघालेल्या या मार्गाला पंढरीच्या वारीने दुसरा जीव दिला. आषाढीला आणि कार्तिकीला वारकऱ्यांची जी दाटी होई, तिला प्रवासी डबे पुरत नसत आणि मालडब्यांतूनही माणसे नेली जात. व्यापारी हिशेबाने उभ्या राहिलेल्या कंपनीच्या उत्पन्नात विठोबाचाही वाटा होता, असे म्हणायला हरकत नाही.

१९५४ मध्ये सरकारने हा मार्ग विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केला. वाफेच्या इंजिनांची जागा कालांतराने डिझेलने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. लातूरची बाजू २००८ पर्यंत पूर्ण झाली, मिरजेची त्यानंतर. या बदलाबद्दल हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : जुनी लाइन येडशीवरून जाताना धाराशिव शहराला टाळत होती, तर नव्या मार्गाची आखणी बदलून ते शहर रेल्वेवर आणण्यात आले. लातूरकरांना थेट मुंबईची गाडी हवी होती, आणि ती मागणी न्याय्य होती.

याच्या शेजारी माथेरानचे चित्र ठेवले की जतनाचे राजकारण दिसू लागते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून १९०७ मध्ये सुरू झालेला नेरळ–माथेरान हा दोन फुटी मार्ग अवघा सुमारे २१ किलोमीटरचा आहे. त्याची मूळ वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनश्टाइन उंड कोपेल या कंपनीची होती, आणि तीव्र वळणे घेता यावीत म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना आडवे सरकण्याची सोय होती. १९८२ च्या सुमारास ती निवृत्त झाली, पण गाडी टिकली. २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त केला, तेव्हा तो पुन्हा बांधला गेला; युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीतही त्याचे नाव आहे. अभियांत्रिकीच्या इतिहासात मात्र बार्शीचे स्थान अधिक वरचे. माथेरान वाचले ते डोंगरामुळे : त्या वळणांवर ब्रॉडगेज चढवणे शक्य नव्हते, आणि गाडीत बसायला पर्यटक होते. बार्शी सपाटीवर होती, उपयोगाची होती, म्हणून मोडली गेली.

इंग्लंडमध्येही कॅलथ्रॉपचे फारसे उरले नाही. त्याने स्टॅफर्डशायरमध्ये उभारलेला लीक अँड मॅनिफोल्ड मार्ग १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडला आणि त्याची वाट पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी ठेवली गेली. जगात स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली पहिली रेल्वे, वेल्समधील टॅलिलिन, १९५१ ची. जतनाची ती जाग येण्याआधीच मॅनिफोल्डला मरण आले होते. बार्शीला ते कारण देता येत नाही. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ मध्येच जागतिक वारसा ठरली होती, म्हणजे बार्शीचे रूळ निघत होते तेव्हा असा वारसा मोलाचा असतो हे या देशाला माहीत होते. सगळी ३२५ किलोमीटर राखण्याची मागणी अर्थातच वेडेपणाची ठरली असती. कुर्डुवाडीच्या आसपासचे चार-पाच किलोमीटर, एक इंजिन आणि काही डबे चालते ठेवणे मात्र आवाक्याबाहेरचे नव्हते.

कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना आजही चालू आहे आणि माथेरानच्या छोट्या डब्यांची देखभाल तेथे होते. म्हणजे अरुंद मार्गाची कारागिरी त्या गावात अजून हातांत आहे. जुने आराखडे, नोंदवह्या, सिग्नलची उपकरणे आणि निवृत्त ड्रायव्हर, फायरमन व गँगमन यांच्या आठवणी त्याच गावात एकत्र करून संग्रहालय उभारणे, हे काम मध्य रेल्वेने आणि सोलापूर, धाराशिव, लातूर व सांगली या जिल्ह्यांतील इतिहासप्रेमी संस्थांनी मिळून हाती घ्यावे.