बँक खिशात कशी आली

१९६९च्या जुलैत सरकारनं चौदा बँका ताब्यात घेतल्या. बँक सरकारी झाली, पण आम्हाला ती भेटायची तालुक्यालाच. उसाचं बिल काढायचं म्हणजे दिवस मोडायचा. वडापचं भाडं, बुडालेली मजुरी, वर स्लिप भरून देणाऱ्याची मनधरणी. २०१४ला जनधन आलं, घरोघर खाती निघाली. तालुक्याची चक्कर मात्र चुकली नाही.

नोव्हेंबर २०१६मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलात निघालं होतं. आता खेडं मोबाईलवर येणार, असं शहाणे म्हणाले. जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, रांगा लागल्या. पण रोकड परत आली तशी आमची माणसंही रोकडीवर परत गेली. भीतीनं धरलेली गोष्ट भीती सरली की सुटते.

बदल घडला तो सोयीनं. २०१९पासून पीएम किसानचे दोन-दोन हजार थेट खात्यावर पडू लागले, मेसेज घरबसल्या वाजू लागला. कोरोनात पुण्या-मुंबईत अडकलेली पोरं फोनवरून पैसे धाडू लागली. पुढं चहाच्या टपरीवर डबाच बोलू लागला, वीस रुपये मिळाले म्हणून. वाचता न येणाऱ्यालाही ते ऐकू गेलं, आणि भरवसा बसला.

माणूस सोयीनं येतो, भरवशानं टिकतो. पण हा भरवसा ठगांनीही हेरलाय. म्हणून शेजारच्या म्हातारीला मी बजावून ठेवलंय, "मावशे, पैसं यायला पिन लागत न्हाई. जो मागंल तो चोर!"