आधी अंदाज, मग कोनमापक

निलंगा येथील नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर त्रिदल पद्धतीचे आहे. मंडपाच्या तीन बाजूंना तीन गर्भगृहे आणि चौथ्या बाजूस प्रवेश, अशी या पद्धतीची रचना असते. मंडपाच्या मध्यभागी मुख्य गर्भगृहाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने उजवीकडे पाव वळण घेतले की दुसरे गर्भगृह समोर येते. आणखी पाव वळणानंतर प्रवेशद्वार. पहिल्या वळणात तो ९० अंशांतून फिरतो, दोन्ही मिळून १८० अंशांतून. चार वळणांत ३६० अंश पुरे होतात. कोन हे वळण्याचे माप आहे, ही गोष्ट येथे खडू-फळ्याविना कळते. मंदिर जवळ नसेल तर कवायतीतील 'दहिने मूड' आणि 'पीछे मूड' हेच काम करतात.

शाळेत मात्र कोनाची ओळख बहुधा व्याख्येतून होते. लघुकोन, काटकोन, विशालकोन, सरळकोन, प्रविशाल कोन ही नावे पाठ होतात. पण भुजा लांब काढल्या की कोन मोठा झाला, असे अनेक मुलांना वाटत राहते. दुसरी चूक कोनमापकाची. त्यावर अंकांच्या दोन ओळी परस्परांच्या उलट दिशेने जातात, त्यामुळे ५० अंशांचा कोन मोजून मुले १३० लिहितात. समोरचा कोन काटकोनाहून लहान आहे हे डोळ्यांना दिसत असते. तरीही उत्तराबद्दल शंका येत नाही, कारण मोजण्यापूर्वी अंदाज करण्याची सवयच लावलेली नसते. परीक्षेत अंदाजाला गुण नाहीत, आणि सरावसंचांवर भर देणाऱ्या 'लातूर पॅटर्न'च्या या जिल्ह्यात ही उणीव सहज झाकली जाते.

अंदाजासाठी चार-पाच खुणेचे कोन डोळ्यांत बसले की पुरे. कंपासपेटीतील एका गुण्यात ३०, ६० आणि ९० अंश असतात, दुसऱ्यात दोन कोन ४५ अंशांचे. कागदाचा काटकोनी कोपरा मधोमध दुमडला की ४५ अंश मिळतात. तीन सारख्या भागांत दुमडला की ३०. घड्याळात लगतच्या दोन अंकांमध्ये ३० अंशांचे अंतर असते. साडेतीन वाजता दोन काट्यांतील कोन किती, असे विचारल्यास वर्गातून '९०' असे उत्तर हमखास येते. तासकाटा तीन आणि चार यांच्या मध्यावर सरकलेला असतो. म्हणून खरे उत्तर ७५.

हेच गणित जुन्या स्थपतींनी दगडात मांडले. तारकाकृती तलविन्यासात एकच चौरस एका केंद्राभोवती फिरवला जातो. ४५ अंशांनी एकदा फिरवला की आठ टोके येतात. ३० अंशांनी दोनदा फिरवला की बारा. कर्नाटकातील डंबळ येथील दोड्डबसप्पा मंदिराला चोवीस टोके आहेत, म्हणजे दर वळण १५ अंशांचे.

रात्रीच्या आकाशात हात हेच कोनमापक. हात ताठ पुढे धरला असता मुठीची रुंदी सुमारे १० अंश व्यापते. ध्रुवतारा क्षितिजापासून त्या गावाच्या अक्षांशाइतका वर दिसतो. निलंग्याचा अक्षांश सुमारे १८ अंश; तेथे तो दोन मुठींना थोडा कमी भरतो, दिल्लीत जवळजवळ तीन मुठी.