पाणी कुणाच्या हातचं

मांजरसुंब्याच्या फाट्यावरून एसटी पाटोद्याच्या रस्त्याला लागते तेव्हा साल 1972 आहे, महिना डिसेंबरचा. खिडकीची काच अडकलेली आहे, त्यामुळे सगळा धुरळा तोंडावर येतो. शेजारच्या बाईच्या मांडीवर वर्षाच्या आतलं लेकरू आहे. ते रडत नाही, आणि म्हणूनच ती घाबरली आहे.

“दोन दिस झाले, हगवण लागलीय. पाणीसुदिक पोटात ठरंना,” ती सांगते. “जामखेडला डॉक्टरीनबाई हाय म्हणं.”

तुम्ही जवळच्या बाटलीतलं पाणी तिच्यापुढे धरता. तिचा हात अर्ध्यावर थांबतो. “तुम्ही कोण म्हणायचं?” हा प्रश्न नावगाव विचारणारा नाही, हे तुम्हाला लगेच कळतं. तुम्ही आजच्या आष्टीतून निघालेले, ख्रिस्ती घरात वाढलेले. तसं सांगता. ती तुमच्याकडे बघते, मग लेकराच्या कोरड्या ओठांकडे बघते, आणि बाटली घेते.

बाहेर मुरमाड माळ पळतो आहे. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडतायत. लुगड्याचा पदर नाकातोंडावर घट्ट गुंडाळलेला, पलीकडे बाभळीला झोळी बांधलेली. दुपारी सुकडी वाटली जाईल. घरी संध्याकाळी रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलोची भाकरी होईल. मिलोची भाकरी नीट थापली जात नाही, काठाला चिरत जाते. खाताना घशाला टोचते. तरी त्या भाकरीला या बायांनी नावं ठेवलेली तुम्हाला कधी ऐकू येत नाहीत. पुढे आयुष्यभर त्या तिची आठवण काढतील ती ‘तिनं जगवलं’ अशीच.

सौताड्याला रामेश्वराच्या दरीत विंचरणेचा धबधबा कोरडा पडलाय. इथून पुढे जिल्हा बदलतो. जामखेड नगर जिल्ह्यात, आणि जामखेड ओलांडून आष्टीकडे गेलात की पुन्हा बीड. 1947 पर्यंत ही हद्द म्हणजे निजामाचं राज्य आणि इंग्रजी मुलूख यांच्यातली वेस होती. दुष्काळाला मात्र ती कधीच दिसली नाही.

जामखेडात तुम्ही बाईबरोबर उतरता. दवाखाना मोठा असेल असं तिला वाटलं होतं. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे 1970 साली इथं आले तेव्हा त्यांना बसायला मिळाली ती जनावरांच्या दवाखान्याची रिकामी पडलेली जागा. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेली. ते राहुरीचे, शिक्षकाच्या घरातले. त्या जबलपूरच्या, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांची लेक. आपलं आयुष्य खेड्यातल्या, कुणी न विचारणाऱ्या माणसांसाठी द्यायचं, असा शब्द त्यांनी लग्नाच्या दिवशीच एकमेकांना दिला होता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ती दोघं परतली, आणि मुंबई-पुणं सोडून या माळावर येऊन राहिली.

लेकराला चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं पाणी चमच्याचमच्यानं पाजायला आईलाच बसवलं जातं. तुम्ही बघत राहता. तिला वाटत होतं, सुई टोचतील, बाटली लावतील. इथं तिच्याच हातात वाटी दिली आहे. दुपार कलता कलता लेकरू रडतं, आणि आईच्या डोळ्यांना धार लागते.

त्या वर्षांत या भागात जन्मलेल्या हजार लेकरांमागे 176 पहिला वाढदिवस बघत नव्हती. आरोळ्यांच्या कामाच्या नोंदीतला 1971 सालचा हा आकडा आहे. 1990 नंतरच्या वर्षांत त्यांच्या गावांमधला तोच आकडा विसाच्या आसपास आला. तो खाली आणणाऱ्या बहुतेक बाया अंगठा उठवणाऱ्या होत्या. गावानं निवडून पाठवलेल्या, कितीतरी दलित, कितीजणी नवऱ्यानं टाकलेल्या. त्या जामखेडला शिकायला येत, बाळंतपण कसं करायचं, नाळ कशानं कापायची, पोटुशीनं काय खायचं हे शिकून गावात परत जात. मुक्कामाला आल्या की जातीजातीनं वेगळ्या कोपऱ्यात पथाऱ्या पडायच्या. मग सगळ्यांना पुरेल एवढं एकच मोठं पांघरूण आलं. थंडीच्या रात्री जिला ऊब हवी तिनं शेजारणीला चिकटायचं, दुसरा इलाज नाही. आणि याच दुष्काळात हातपंपासाठी बोअर घेतले गेले ते दलितवस्तीत. साऱ्या गावानं तिथं घागर घेऊन जायचं. आरोळ्यांनी व्याख्यानं देण्यापेक्षा पाण्याची जागा बदलली, आणि मला वाटतं त्यांच्या साऱ्या कामातला हा सर्वांत ख्रिस्ती भाग होता.

शोभा आणि रवी ही त्यांची मुलं या धुरळ्यातच वाढली. पुढे त्यांनीच हे काम हाती घेतलं. आईवडिलांचे आभार मानायची याहून मोठी रीत मला ठाऊक नाही.

पण पाण्याची ही गोष्ट जामखेडला सुरू झाली नाही. रजनीकांत आरोळे 1934 साली ज्या राहुरीत जन्मले तिथं तुम्हाला जायचं आहे, आणि आणखी मागे, 1900 सालात.

एसटी नाही. बैलगाडीचा रस्ता, त्याच्या कडेला बैलांचे सांगाडे. पुन्हा दुष्काळ, आणि हा फार मोठा. मोठ्यांनी मान टाकली, पोरं मागे राहिली. मिशनच्या आवारात अशी पोरं येतायत, आणि त्यांतली काही एका घरात शिरतायत. घर नारायण वामन टिळकांचं. कवी माणूस, हाती आलेला पैसा समोरच्याच्या हातावर ठेवून मोकळा होणारा. रस्त्यात दिसलेलं मूल घरी आणताना घरात पीठ किती आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात ठेवायचं काम त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं.

तुम्ही दारात उभे राहता. आत कुणी एकाला न्हाऊ घालतंय, एकाच्या डोक्यातल्या उवा काढणं चाललंय, चुलीवर पातळ कढत ठेवलंय, कारण उपाशी पोटाला एकदम घट्ट दिलं तर ते दगावतं. कुणी तुमच्या हाती घागर देतं. तुम्ही पाणी भरून आणता, ती रिकामी होते, पुन्हा आणता. सकाळ अशीच जाते. या घरात कुणी कुणाला तू कोण म्हणून विचारत नाही. आणि हे ज्या बाईच्या घरात घडतंय तिचा आधीचा प्रवास तुम्हाला माहीत असला, तर हातातली घागर खाली ठेवून क्षणभर थांबावंसं वाटतं.

लक्ष्मीबाई जन्मल्या 1868 साली, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात. वडिलांचं सोवळं वेडाच्या पलीकडे गेलेलं. बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची धुवाधुवी, पोरांवर पाण्याच्या घागरी. अशा घरातून अकराव्या वर्षी त्या टिळकांच्या घरी आल्या. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षं नवराबायको वेगळी. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी चूल वेगळी आणि पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग राहुरीच्या दिवसांत, एकटीनंच विचार करता करता, त्यांना वाटलं की जात ही देवानं केलेली नाही, माणसानं केलेली आहे. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली.

धर्म बदलणाऱ्या पुरुषांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यांनी वाचलेली पुस्तकं, घातलेले वाद, सोडलेली नाती. पण धर्म बदलला म्हणजे घरात नेमकं काय बदललं, हे आईला विचारावं लागतं. पुरुषानं ते डोक्यात केलं. तिला ते चुलीपाशी करावं लागलं, रोज, दोन वेळा, तीस वर्षांच्या सवयीच्या विरुद्ध. कुणाचा हात हंड्याला लागला तर पोटात गोळा उठायचा, त्या गोळ्यासकट तिनं पाणी पुढे केलं. मराठी ख्रिस्ती घरात आपण आज जे जेवणाआधी डोळे मिटून ‘प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार’ म्हणतो, त्या वाक्याच्या मागे अशा कितीतरी बाया उभ्या आहेत. नातेवाईक तुटलेल्या, गावच्या विहिरीवर ज्यांना आधीही जागा नव्हती आणि नंतरही मिळाली नाही अशासुद्धा. आपल्याकडच्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांचा वंश त्या दुसऱ्या बायांपासून येतो, हे विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाईंना पाणी द्यायला शिकावं लागलं. त्या दुसऱ्या बायांना पाणी मागायचा हक्क मिळवावा लागला.

काही वर्षांनी टिळकांच्या नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा पोरगा येऊन राहील, लाजाळू, हट्टी, आपल्याच नादात. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणेल. तो हिंदूच राहील आणि लक्ष्मीबाई त्याला आईच्या मायेनं जेवू घालतील. मे 1918 मध्ये भादलीला रेल्वेखाली तो जाईल, तेव्हा या घरातला मुलगा गेलेला असेल.

तुम्हाला निघायला हवं. परतीचा रस्ता 2019 मधून जातो आणि तिथं थांबणं टाळता येत नाही.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं जातात ती नवराबायकोच्या जोडीनं. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडावर कोपीत आडोसा नाही, पाणी लांब. अंगावरून जातंय, कंबर मोडलीय असं म्हणत बाई गावाकडच्या दवाखान्यात गेली, की पिशवी काढा म्हणजे कटकट गेली, असं सांगणारे भेटले. 2019 मध्ये आरोग्य खात्यानं जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कितीतरी अजून चाळिशीच्याही आतल्या.

हा आकडा देवळात, मशिदीत, चर्चमध्ये कुठंही मोठ्यानं वाचून दाखवण्यासारखा आहे. ज्या जिल्ह्यात मातृत्वाची ही किंमत लावली गेली तिथं आईचे उपकार मानायचे तर तिच्या कंबरेचं दुखणं, तिचा खाडा, तिच्या कोपीपासूनचं पाण्याचं अंतर हे सगळं त्या प्रार्थनेत यायला हवं. मेबल आरोळ्यांनी आईच्या हातात वाटी दिली होती. तिला तिच्या देहाचं कळतं, एवढा त्यामागचा विश्वास होता. तोच विश्वास या हजारो बायांच्या वाट्याला आला नाही.

आता आष्टी. तुमचंच घर, आजचा रविवार. उपासना आटोपून मंडळी घरोघर गेली आहेत. आईनं मटणाचं पातेलं उतरवून भाकरीला हात घातलाय. थोरला पोरगा मोबाइलवर आहे, धाकटी ओरडतेय की तिची वही कुणी घेतली. भिंतीवर नाताळातला चांदणीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नाही. आई तिघांशी एकदम बोलतेय आणि तिघांनाही वेगवेगळं उत्तर देतेय. टेबलावर सगळ्यांची ताटं आहेत, तिचं अजून नाही. तुम्ही ते मांडता आणि प्रार्थनेआधी तिला खाली बसवता. ती म्हणते, भाकरी करपेल. करपू दे.

जेवण झाल्यावर आजीच्या खाटेपाशी जा. लक्ष्मीबाईंच्या मुलानं, देवदत्तानं, वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आईला आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. तिनं लिहायला घेतलं नवऱ्याबद्दल, आणि झालं ‘स्मृतिचित्रे’. त्यात घर आहे, भूक आहे, पोरं आहेत, भांडणं आहेत. पहिला भाग 1934 ला आला. 24 फेब्रुवारी 1936 ला ती गेली तेव्हा काम अर्धवट होतं आणि उरलेलं मुलानं पुरं केलं. जरा उशीर झाला असता तर मराठीतलं एवढं मोठं पुस्तक झालंच नसतं.

आजी पदरानं चष्मा पुसते. “माझं काय लिहायचं रे? शाळा नाही शिकले, नोकरी नाही केली. तुझ्या आजोबांचं लिही. ते मंडळीत सेक्रेटरी होते.”

“आजोबांचंही लिहू. आधी तू सांग, लग्न होऊन आलीस तेव्हा पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचीस?”

“विहिरीवरून?” आजी उठून बसते. “विहिरीवर कोण येऊ देत होतं? बस, सांगते.”